पण ही पोरं गेलीच कशाला?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या नानांना मी एक चित्रपट दाखवला. नाना निवृत्त शाळामास्तर. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला थोडं कमी येतं, पण तल्लख. आणीबाणीत ते मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, अठरा महिने येरवड्यात होते. संघाचे की समाजवादी, ते सांगत नाही. तेव्हा दोन्हीकडचे एकाच बराकीत होते आणि एकमेकांचे बुद्धिबळाचे डाव बिघडवत होते. मला वाटलं, खटल्याविना तुरुंगात पडलेल्या पोरांची गोष्ट या माणसाला सगळ्यांत जवळची वाटेल. दीड तास नाना हलले नाहीत. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "हे सगळं ठीक आहे रे. पण ही पोरं गेलीच कशाला तिथे?"

चित्रपट होता 'द रोड टू ग्वांतानामो'. मायकेल विंटरबॉटम आणि मॅट व्हाइटक्रॉस यांचा, २००६ सालचा. अर्धा माहितीपट आणि अर्धं नाट्य, म्हणजे डॉक्युड्रामा. आणि नानांनी विचारलं ते हा चित्रपट पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. लंडनच्या वर्तमानपत्रांनीही विचारलं होतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता वाटतं, उत्तर शोधायच्या आधी हा प्रश्न आपल्याला का पडतो तेच पाहायला हवं.

आधी गोष्ट. बर्मिंगहॅमजवळच्या टिपटन गावातली, पाकिस्तानी-बांगलादेशी घरांत जन्मलेली, ब्रिटनमध्ये वाढलेली विशीच्या आसपासची पोरं. सप्टेंबर २००१ मध्ये आसिफ इक्बाल लग्नासाठी पाकिस्तानात जातो. नवरदेवाच्या बाजूने उभं राहायला रुहाल अहमद, शफिक रसूल आणि आणखी एक मित्र मागोमाग पोचतात. लग्नाआधीचे चार मोकळे दिवस, खिशात थोडे पैसे, कराचीत मुक्काम. तिथल्या मशिदीत इमाम सांगतो, अफगाणिस्तानातल्या लोकांना मदतीची गरज आहे. पोरं बसमध्ये बसतात. मदत करायची, थोडं साहस, आणि तिकडचे नान म्हणे परातीएवढे असतात, हीसुद्धा एक ओढ. क्वेट्टा, कंदाहार, काबूल. ७ ऑक्टोबरला अमेरिकेचे बॉम्ब पडायला सुरुवात झालेली होती. पोरं सीमा ओलांडतात ती त्यानंतर.

मग परतायची धडपड, चुकीची गाडी, आणि कुंदुझ. तालिबानचा उत्तरेतला शेवटचा बालेकिल्ला. नोव्हेंबरअखेर कुंदुझ पडलं तेव्हा तालिबानविरोधी सेनानी जनरल दोस्तमच्या माणसांनी हजारो लोक पकडले, त्यात हे तिघे. चौथा मित्र त्या गोंधळात हरवला तो आजतागायत मिळालेला नाही. पकडलेल्यांना मालवाहू कंटेनरमध्ये कोंबून शिबरघानच्या तुरुंगात नेलं. बंद पेट्यांत कित्येक जण गुदमरून मेले. तिथून अमेरिकी सैन्याच्या ताब्यात, कंदाहारचा तळ, आणि २००२ च्या सुरुवातीला नारिंगी कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, कानांवर झाकणं घालून विमानाने क्युबातल्या ग्वांतानामो बेला, अमेरिकेच्या लष्करी तुरुंगात.

तिथे एक चित्रफीत दाखवली गेली. ऑगस्ट २००० मधली ओसामा बिन लादेनची सभा. चौकशी करणाऱ्यांचं म्हणणं, गर्दीत हे तिघे बसलेत. तिघांनी नाही म्हटलं. मग एकांत कोठडी, जमिनीला साखळदंडांनी जखडून तासन् तास ओणवं ठेवणं, कर्कश संगीत, झगझगते दिवे. सुमारे तीन महिन्यांनी तिघांनीही कबूल केलं: हो, आम्हीच ते.

आणि मग ब्रिटनच्या गुप्तचर खात्याकडून माहिती आली की ती सभा भरली तेव्हा शफिक रसूल इंग्लंडमध्ये 'करीज' नावाच्या टीव्ही-फ्रिजच्या दुकानात नोकरीला होता.

मला या सगळ्या गोष्टीत मारहाणीपेक्षा हा तपशील जास्त छळतो. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य लष्कराच्या तावडीतून माणूस सुटला तो कशामुळे, तर दुकानाच्या नोंदवहीमुळे. साक्ष झाली नाही, वकील आला नाही, न्यायाधीशाने कागद पाहिला नाही. दुकानाने हजेरी ठेवली होती, आणि त्या हजेरीपर्यंत पोचू शकणारं एक सरकार होतं, म्हणून. ९ मार्च २००४ ला तिघांना ब्रिटनला आणलं, दुसऱ्या दिवशी कोणताही आरोप न ठेवता सोडलं. चित्रपट ब्रिटनच्या चॅनल ४ या वाहिनीवर दाखवला गेला तो बरोबर दोन वर्षांनी, ९ मार्च २००६ ला.

त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. बर्लिनहून परतताना ल्यूटन विमानतळावर काही नट आणि खऱ्या तिघांपैकी दोघे, यांना पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली अडवलं. शफिकची भूमिका करणारा रिझ अहमद तेव्हा नुकताच नाट्यशाळेतून बाहेर पडला होता. त्याने नंतर सांगितलं की त्याला विचारण्यात आलं, तू मुसलमानांचा कैवार घ्यायला नट झालास का? अमेरिकेत आणखी गंमत. डोक्यावर पोतं घातलेला, मनगटांना लटकवलेला कैदी दाखवणारं पोस्टर तिथल्या चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने नाकारलं. मुलं पाहतील म्हणे. कोठडीत चालतं ते भिंतीवर चालत नाही.

चित्रपटाची बांधणी साधी आहे. खरे तिघे कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात, तेच प्रसंग नट करून दाखवतात, मधे मधे बातम्यांच्या चित्रफिती. राष्ट्राध्यक्ष बुश म्हणतात, मला एवढंच पक्कं ठाऊक आहे की ही वाईट माणसं आहेत. त्यांचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड त्यांना पृथ्वीवरचे अत्यंत घातक मारेकरी म्हणतात. आणि लगेच पडद्यावर टिपटनचा, पिझ्झाच्या गोष्टी करणारा पोरगा. हा सांधा इतका बेमालूम आहे की थोड्या वेळाने खरा शफिक कोणता आणि नट कोणता हे आपण विसरतो. सांगणाऱ्याचा शब्द आणि पडद्यावरचं चित्र एकच होऊन जातं. माहितीपटात माणूस "मला मारलं" असं म्हणतो तेव्हा आपण त्याचा चेहरा वाचतो, जरा शंका घेतो. इथे पुढच्याच क्षणी मारहाण डोळ्यांसमोर घडते. शंकेला जागाच उरत नाही. अमेरिकी बाजू चित्रपटात नाही. दुसरा साक्षीदार नाही. तिघांच्या कथनाला कोणी आडवा प्रश्न विचारत नाही.

याला अन्याय म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्यांना दोन वर्षांहून अधिक काळ कोणी ऐकलंच नाही त्यांना कोणीतरी दीड तास ऐकलं, यात दोष काढण्यासारखं काही नाही. सरकारची बाजू रोज संध्याकाळी बातम्यांत होतीच. पण या बांधणीची किंमत आहे, आणि ती पुढच्याच वर्षी मोजावी लागली.

२००७ मध्ये त्याच चॅनल ४ वर खोटं पकडण्याच्या चाचणीचा एक कार्यक्रम झाला. त्यात रुहाल अहमदने कबूल केलं की अफगाणिस्तानात तो एका इस्लामी प्रशिक्षण तळावर गेला होता आणि त्याने तिथे शस्त्रं हाताळली होती. चित्रपटात हे कुठेच नाही. चित्रपटातली पोरं नान खातात, आजारी पडतात, रस्ता चुकतात. बंदुकीला हात लावत नाहीत.

ज्यांनी चित्रपट पाहून डोळे पुसले होते त्यांतल्या काहींना फसवल्यासारखं वाटलं. ज्यांना तो आवडला नव्हता त्यांनी टाळ्या वाजवल्या: बघा, सांगत नव्हतो? नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा "मग?" असा झाला. आणि माझा वाद इथूनच सुरू होतो, कारण या दोन्ही प्रतिक्रियांत चूक एकच आहे. दोघांनीही गृहीत धरलंय की तिघे निरागस असतील तरच त्यांना न्यायाधीशासमोर उभं राहायचा हक्क होता.

'चुकीने पकडलेले प्रवासी' असं आपण म्हणतो. यातलं 'चुकीने' कळतं कधी? तपासल्यावर. कोणीतरी दोन्हीकडचं ऐकून घेतल्यावर. पकडताना कोणाच्याही कपाळावर ते लिहिलेलं नसतं. चित्रपट आपल्याला पहिल्या मिनिटापासून आतली गोष्ट सांगतो, म्हणून आपण आधीच निकाल देऊन बसतो आणि मग सुनावणी न झाल्याचा राग येतो. खऱ्या जगात क्रम उलटा असतो. सुनावणी मागायची ती निकाल माहीत नसताना. तळावर जाऊन बंदूक हाताळलेल्या पोराने गुन्हा केला की मूर्खपणा, त्या गुन्ह्याला शिक्षा किती, हे ठरवायला न्यायालय नावाची वस्तू आहे. ती वापरलीच नाही, हा आक्षेप रुहालच्या कबुलीने एका तसूनेही कमी होत नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणतो, युद्धात कुठे कोर्ट भरवता? रणांगणावर सापडलेल्या माणसासाठी साक्षीपुरावे कोण गोळा करणार? रास्त शंका आहे, आणि तिचं उत्तर खुद्द अमेरिकी लष्कराकडे होतं. जिनिव्हाच्या तिसऱ्या कराराचं पाचवं कलम सांगतं की पकडलेला माणूस लढवय्या आहे की नाही याबद्दल शंका असेल तर सक्षम न्यायमंडळाने ते ठरवावं, आणि तोवर त्याला युद्धकैद्याचं संरक्षण द्यावं. हे मंडळ म्हणजे काही भव्य न्यायालय नव्हे. तीन लष्करी अधिकारी, एक तंबू, एक दुभाषी, जवळपास सापडतील ते साक्षीदार. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने अशा १,१९६ सुनावण्या घेतल्या. त्यांतल्या ८८६ जणांच्या बाबतीत निष्कर्ष निघाला की हे लढवय्ये नाहीतच, विस्थापित नागरिक आहेत. दर चारातले जवळपास तीन! युद्धाच्या धुमाळीत, वाळवंटात, त्याच सैन्याने हे केलं होतं.

दहा वर्षांनी अफगाणिस्तानात एकही घेतली नाही. ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ठरवून टाकलं की तालिबानचे म्हणून धरलेले लोक युद्धकैदी ठरत नाहीत. सरसकट, एका कागदावर. शंका असेल तर सुनावणी घ्या असं कलम आहे ना? मग शंकाच नाही असं जाहीर करायचं. माणूस युद्धकैदी असता तर त्याचं नाव नोंदलं गेलं असतं, घरी पत्र गेलं असतं, युद्ध संपल्यावर सुटका झाली असती. गुन्हेगार असता तर आरोपपत्र, वकील, तारीख. त्याला दोन्हीतलं काहीच मानायचं नाही, असा तिसरा खण तयार केला. ब्रिटनचे ज्येष्ठ न्यायमूर्ती लॉर्ड स्टेन यांनी २००३ च्या एका व्याख्यानात त्याला कायद्याचं कृष्णविवर म्हटलं.

आता माणसं आली कुठून ते पाहा. अमेरिकी विमानांनी अफगाण गावांवर पत्रकं टाकली होती: तालिबान, अल कायदाची माणसं पकडून द्या, आयुष्यभर पुरेल एवढा पैसा मिळेल. दुष्काळ आणि यादवीने पिचलेल्या देशात परक्या माणसाला भाव आला. सीटन हॉल विद्यापीठाच्या विधी शाखेने २००६ मध्ये पेंटॅगॉनच्याच, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्याच, कागदपत्रांवरून ५१७ कैद्यांचा हिशेब मांडला. अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले जेमतेम ५ टक्के. ८६ टक्के पाकिस्तानने किंवा नॉर्दर्न अलायन्स या तालिबानविरोधी अफगाण आघाडीने पकडून हवाली केलेले. म्हणजे 'रणांगणावर सापडले' हे वाक्यच बहुतेकांच्या बाबतीत पोकळ होतं. ज्याने पैसे घेऊन माणूस दिला त्याच्या शब्दावर माणूस ठेवला. आपल्याकडे भंगारवाला पितळ घेताना याहून जास्त घासून बघतो.

नानांसारख्यांना पटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. अब्दुल्ला मेहसूद हाही त्याच कुंदुझच्या धुमश्चक्रीत दोस्तमच्या लोकांच्या हाती लागला. तोही ग्वांतानामोला गेला. आणि टिपटनचे तिघे सुटले त्याच मार्च २००४ मध्ये तोही सुटला. आपण भलतेच कोणी असल्याची बतावणी करून त्याने दोन वर्षं चौकशी करणाऱ्यांना गुंगवलं होतं. सुटल्यावर काही महिन्यांतच त्याने पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात टोळी उभी केली, दोन चिनी अभियंत्यांचं अपहरण केलं, आणि २००७ मध्ये बलुचिस्तानात झोबला मारला गेला. साखळदंड, कुत्री, दिवे, एकांत कोठडी, सगळं वापरून त्या यंत्रणेने दुकानातल्या कामगाराकडून बिन लादेनच्या सभेची कबुली मिळवली आणि खऱ्या टोळीप्रमुखाला ओळखलं नाही. सुनावणी ही कैद्यावर केलेली मेहरबानी आहे असं समजणाऱ्यांनी या दोन सुटकांची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघावी. पुरावा तपासण्याची शिस्त ही आधी सरकारची गरज असते.

जागा ग्वांतानामोच का, याचंही उत्तर कायद्यातच आहे. १९०३ च्या भाडेकरारात लिहिलंय की अंतिम सार्वभौमत्व क्युबाचं, पण संपूर्ण ताबा आणि अंमल अमेरिकेचा. वर्षाला ४,०८५ डॉलर भाडं. क्युबाचं सरकार १९५९ नंतर तो चेक वटवत नाही, निषेध म्हणून. पुण्यातल्या जुन्या वाड्यातल्या मालक-भाडेकरूंना ही रीत ओळखीची वाटेल. बुश सरकारने कोर्टात हाच करार पुढे केला: जमीन क्युबाची, कैदी परदेशी, तेव्हा अमेरिकी न्यायालयांचा इथे संबंध नाही. म्हणजे अंमल पूर्ण आमचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

'रसूल विरुद्ध बुश' हा खटला त्यावरच लढला गेला. मागणी फार लहान होती. हेबियस कॉर्पस; आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत त्याला देहोपस्थिती म्हटलंय, आणि मला तो शब्द फार आवडतो. देह हजर करा. दोषी आहे की नाही ते नंतर. २८ जून २००४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की ग्वांतानामोतल्या कैद्यांना हा अर्ज करता येतो. खटल्याला नाव रसूलचं होतं, पण निकाल लागला तेव्हा तो साडेतीन महिन्यांपूर्वीच घरी पोचलेला होता. आत राहिलेल्या सहअर्जदारांत डेव्हिड हिक्स नावाचा ऑस्ट्रेलियन होता, ज्याने अल कायदाच्या तळांवर प्रशिक्षण घेतलं होतं. निरागसतेच्या कसोटीवर तो कधीच उतरला नसता. न्यायालयाने ती कसोटी लावलीच नाही. रसूलला आणि हिक्सला एकाच वाक्यात तोच हक्क दिला.

या खटल्यात पक्षकार नसताना 'न्यायालयाचे मित्र' म्हणून म्हणणं मांडणाऱ्यांत एक चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते, फ्रेड कोरेमात्सू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा न्यायालयात जाऊन हरलेले तेच. १९४४ चा तो निकाल लष्कराच्या 'शंका घ्यायला जागा नाही' या शब्दावर उभा होता. साठ वर्षांनी ते परत आले ते हेच सांगायला, की हे वाक्य मी आधी ऐकलंय.

आपण मात्र अमेरिकेकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. १९३९ च्या सप्टेंबरात इंग्लंडने युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थानात असलेले जर्मन पुरुष धरून नगरच्या छावणीत आणले गेले. त्यांत नाझी होते, व्यापारी होते, मिशनरी होते, आणि हिटलरपासून जीव वाचवून मुंबईला पोचलेले ज्यू होते. पासपोर्ट जर्मन, म्हणून शत्रू. ज्याच्या भीतीने पळालो त्याच्याच भक्तांबरोबर एका कुंपणात! पण सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, तिने माणूस माणूस बोलावून विचारपूस केली आणि अनेक जण सुटले. पुढे युद्ध चिघळल्यावर काहींना पुन्हा पुरंदर, साताऱ्याला ठेवलं, ते निराळं. इंग्रजांचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. तीन वर्षांनी त्यांनीच नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझादांना खटल्याविना कोंडलं. मुद्दा एवढाच की वसाहतीचं सरकारसुद्धा, महायुद्धाच्या तोंडावर, समोर बसवून विचारू शकत होतं.

आणि स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये काय केलं? चीनशी युद्ध झालं, आणि आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं आगगाडीने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली कुटुंबं, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं. काही जण १९६७ पर्यंत तिथे होते. चेहरा हाच पुरावा. यावर आपल्याकडे किती लिहिलं गेलं? मी शाळेत शिकलो त्या इतिहासात ते नव्हतं.

मग नानांची आणीबाणी. २८ एप्रिल १९७६ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं ठरवलं की मिसाखाली धरलेल्याला देहोपस्थितीचा अर्जच करता येणार नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट म्हटलं होतं. त्या चारांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, आपले मराठी. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना, पुढच्याच वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. चंद्रचूडांच्या चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, २०१७ मध्ये खासगीपणाच्या निकालात तो कलंक पुसला. एकेचाळीस वर्षांनी. तोवर नाना पेन्शनरही होऊन गेले होते.

एवढं भोगलेला माणूस विचारतो, "पोरं गेलीच कशाला?" मला याचं आधी आश्चर्य वाटलं, मग नाही. नाना स्वतःला सत्याग्रही समजतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ते कशासाठी आत गेले ते त्यांना ठाऊक होतं. टिपटनच्या पोरांकडे तसं काहीच नाही. तत्त्व नाही, घोषणा नाही, धड शहाणपणही नाही. आपल्याला बळी हवा तो नीतिमान हवा, नाहीतर निदान बावळट तरी. मधल्या माणसाला आपण जागा देत नाही: थोडा धार्मिक, थोडा उनाड, थोडा खोटं बोलणारा, कदाचित तळावर जाऊन आलेला. न्यायालय नावाची सोय नेमकी या मधल्या माणसासाठी आहे.

चित्रपटाबद्दलची माझी खरी तक्रार इथे आहे. त्याने तीन इंग्रजी बोलणारी, फुटबॉल-पिझ्झावाली पोरं निवडली, कारण प्रेक्षकाला त्यांत आपला मुलगा दिसतो. मलाही दिसला, मित्राच्या लग्नाला म्हणून निघून भलतीकडे भटकणारी पोरं माझ्याही वर्गात होती. पण ग्वांतानामोत आजवर ठेवलेल्या सुमारे ७८० जणांत बहुतेक अफगाण, सौदी, येमेनी होते. त्यांच्या गावात करीज नव्हतं, हजेरीपट नव्हता, त्यांच्यासाठी कागद शोधायला गुप्तचर खातं येणार नव्हतं. येमेनींना तर घरी पाठवायलाही कित्येक वर्षं कोणी तयार नव्हतं. ओबामांनी २२ जानेवारी २००९ ला वर्षभरात तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्येही तिथे १५ कैदी उरले होते. टिपटनच्या तिघांच्या डोळ्यांनी बघितलं की वाटतं, चूक झाली आणि दुरुस्त झाली. आरोपाविना पंधरा-पंधरा वर्षं बसलेल्या येमेनीच्या डोळ्यांनी बघणारा चित्रपट इतका सोपा झाला नसता. त्याला तिकीटही कमी खपलं असतं, हेही खरं.

परवा नानांकडे गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. त्यांचा स्थानबद्धतेचा आदेश, जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या सहीचा. घड्यांवर फाटलाय, मागून सेलोटेप लावलीय. सरकारी मानधनाच्या अर्जाला याचीच झेरॉक्स जोडली होती म्हणाले. कारण त्यात काहीच दिलेलं नाही, पण नाव आहे, तारीख आहे, सही आहे.

"त्या पोरांना सुटताना काय कागद दिला?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं की तिघांनी नंतर जे निवेदन दिलं त्यात हा प्रसंग आहे. सुटकेआधी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला होता, सही करा म्हणून. आमचा अल कायदाशी संबंध होता, अशा अर्थाचा. त्यांनी सही केली नाही.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग आपला कागद घडी घालून परत कपाटात ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा लाव बरं तो सिनेमा. मधलं मला नीट ऐकू आलं नव्हतं."